गाव तेच, जिल्हा चुकीचा

परवा माझी नात टुरिस्ट व्हिसाचा अर्ज भरत होती. नवऱ्याबरोबर पाच-सहा दिवस थायलंडला जायचं ठरलं आहे. सगळं मोबाइलवरच. पासपोर्ट किती महिने चालू हवा, परतीचं तिकीट आहे का, उतरणार कुठं. हॉटेलचा पत्ता भरता भरता ती म्हणाली, "इथं जिल्हा विचारून राह्यले. काहीतरी टाकून देते, कोण पाहते?"

मी तिच्यावर खेकसलो. "काहीतरी टाकायचं नाही! नीट पाहून टाक!"

"आबा, एवढं काऊन चिडता? हॉटेल त पळून नाही जात."

नातजावई हसला. मी उठलो आणि ओट्यावर जाऊन येरझारा घालू लागलो. तिला काय सांगणार? हॉटेल पळून जात नाही, पण जिल्हा जातो. आमचा गेला होता. त्या जिल्ह्याच्या मागे एका माणसाची अब्रूही गेली, आणि ती मी घालवली. हे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. नव्वदीला आलो आहे, आता लिहून टाकतो.

माझं गाव किनवट तालुक्यात, रेल्वेच्या फाट्यापासून कोसभर आत. मी जन्मलो तेव्हा ते निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला, जिल्हा तोच राहिला. पुढं भाषेवरून राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्य मोडलं, आदिलाबाद आंध्रात गेलं आणि आमचा किनवट तालुका नांदेडला जोडून मुंबई राज्यात गेला. घरं, विहिरी, कापसाची वावरं जागच्या जागी राहिली. बदलला तो पत्ता.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. आदिलाबादला महसूल कचेरीत अहलकार होतो. कारकुनाला तेव्हा आमच्याकडे अहलकार म्हणायचे. नोकरी कच्ची होती. किनवट तालुक्याचं दप्तर नांदेडला पाठवायचं ठरलं तेव्हा लाल कापडाचे बस्ते बांधणाऱ्यांत मीही होतो. माझ्या स्वतःच्या गावाचा बस्ता मी या हातांनी गाठ मारून लॉरीत टाकला. हे मुद्दाम सांगतो. मला माहीत नव्हतं, असं कुणी म्हणायला नको.

गावात आमच्या घराला लागून एका मुसलमान कुटुंबाचं घर होतं. घरधनी निजामाच्या करोडगिरी नाक्यावर नोकर होता. करोडगिरी म्हणजे जकात. नाका उठला आणि वर्षभरात तोही वारला. मागे त्याची बायको, मुलगा आणि मुलगी. बाईला मी खाला म्हणायचो. मुलगा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, त्याला भाई. तो गावात बांगड्यांचं दुकान चालवायचा. मुलगी त्याच्याहून लहान, माझ्याहून मोठी, ती आपा. तिचं लग्न हैदराबादेत झालं होतं आणि पोलीस अॅक्शननंतर नवरा तिला घेऊन कराचीला गेला.

त्यानंतर आठ वर्षं आपा आली नव्हती. खालाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, पायांवर सूज होती. तिचं एकच चालू असायचं, मुलीला एकदा हात लावू द्या. भाई आदिलाबादला माल घ्यायला आला की माझ्या खोलीवर यायचा. एकदा त्यानं आपाचं पत्र आणलं. तिकडच्या भारतीय कचेरीत व्हिसाचा अर्ज द्यायचा होता. त्यासाठी कुणाकडे जाणार, गाव, तालुका, जिल्हा, ठाणं, हे सगळं इंग्रजीत लिहून पाठवायचं. सोबत भाईच्या सहीचं हमीपत्र.

आजकाल पाहुणा व्हिसा घेऊन देशभर हिंडतो. तेव्हा कराचीहून येणाऱ्याला तसं नव्हतं. व्हिसावर ज्या ठिकाणांची नावं, तिथंच जायचं. पोचल्यावर चोवीस तासांत ठाण्यात हजेरी लावायची, निघताना पुन्हा सांगून निघायचं. नाव नसलेल्या ठिकाणी पाऊल टाकलं तर गुन्हा.

मी दौत काढली आणि गावाचं नाव लिहिलं. तालुका किनवट लिहिलं. जिल्ह्यापाशी थांबलो. नीट आठवतं, टाक हातात धरून थांबलो.

"भाई, आता आपून नांदेडात आहो," मी म्हटलं.

"मग नांदेड लिव्ह ना बापा."

"नांदेडला आपला कोण आहे? हजेरी, शिक्का, कुठं काही अडलं त कोण पाहीन? आदिलाबादला मी आहो. ठाण्यातला मुन्शी मला ओळखते. जुनाच जिल्हा लिवतो. टपाल अजून त्याच पत्त्यावर येऊन राह्यलं का नाही?"

"तुला समजते ते लिव्ह," भाई म्हणाला. "आमी बांगड्या विकणारे."

मी ऐटीत 'जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश' असं लिहिलं आणि अक्षरावर खूश झालो. हमीपत्रही मीच लिहिलं. भाईनं खाली उर्दूत सही केली.

चार-पाच महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडाला आपा आली. महिनाभराचा व्हिसा होता. मुंबईला बोटीतून उतरून हैदराबाद आणि तिथून आदिलाबाद. इथं भाईची सासुरवाडी होती, तिथं उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी लावून दुपारच्या गाडीनं गावी जायचं होतं. भाई, आपा आणि मी पोलीस कचेरीत गेलो. माझ्या ओळखीच्या मुन्शीची बदली झाली होती. त्याच्या जागी समुद्राकडच्या मुलखातून आलेले एक नवे साहेब बसले होते. तेलुगू माणूस, हिंदी तुटकं, पण बोलणं सभ्य. त्यांनी पासपोर्ट पाहिला, भिंतीवरच्या नव्या नकाशाकडे पाहिलं, मग रजिस्टर उघडून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"ये गांव मेरे जिल्ले में नहीं है."

भाई म्हणाला, "साब, किनवट तालुके में है."

"किनवट बॉम्बे स्टेट में गया. वीसा में आंध्र लिखा है. मैं उधर भेजा तो वो लोग इनको पकड़ेगा. बोलेगा, तुम्हारा वीसा नांदेड का नहीं." त्यांनी आपाच्या कागदांतलं हमीपत्र उलटसुलट केलं. "किसने लिखा ये? अक्षर तो आफीसवाले का है. जिल्ला बदल गया मालूम होके भी लिखा?"

माझी खुर्ची भाईच्या खुर्चीला लागून होती. त्या आठवड्यात माझ्या नोकरीचा कागद वर गेला होता. माझं गाव दुसऱ्या राज्यात गेल्यामुळं मला इकडे ठेवायचं की तिकडे पाठवायचं, कायम करायचं की घरी बसवायचं, हे त्या कागदावर ठरणार होतं. कराचीच्या पाहुणीच्या व्हिसात सरकारी नोकरानं खोटा जिल्हा लिहिला, एवढं एक वाक्य त्या कागदाला चिकटलं असतं तर संपलंच होतं. हे सगळं मी साहेबांच्या त्या प्रश्नात, एका श्वासात मोजलं. आणि जोड्यांकडे पाहत बसलो.

"मैंने लिखवाया साब," भाई म्हणाला. "बाजार में. किसी से."

"किससे?"

"याद नहीं."

साहेबांनी भाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देखो," ते सावकाश म्हणाले, "लिखनेवाले को लाओ. वो लिख के दे कि पुराना नाम गलती से लिखा, तो मैं नांदेड को फोन करता, ऊपर भी लिखता. दो-तीन दिन में काम हो जाएगा. वो कागद नहीं, तो मैं अपने मन से गांव कैसे बदलूं? तब तक बहनजी आदिलाबाद में रहेगी."

म्हणजे दार उघडं होतं. माझ्या चार ओळी आणि सही एवढंच हवं होतं.

बाहेर आल्यावर आपानं भाईला विचारलं, "अब?" तो म्हणाला, "देखते हैं." मला वाटलं, आता हा मला म्हणेल, चल, लिहून दे. तो म्हणाला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी माझ्या खोलीवर यायचा, बशीत ओतून चहा प्यायचा, बाजारभावाचं बोलायचा आणि जायचा. त्यानं मला शिवी दिली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता कदाचित गेलोही असतो कचेरीत. त्याच्या गप्प बसण्यानं मला सवड मिळाली आणि ती मी वापरली. दोनदा तो चार ओळींचा कागद लिहिला. एकदा पोलीस कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो. फाटकाशी आमचे हेडक्लार्क भेटले. "इकडे कुठं?" म्हणाले. मी म्हणालो, "असंच." आणि त्यांच्याबरोबर परत फिरलो.

चौथ्या दिवशी भाईनं ठरवलं, आपाला गावी नेता येत नाही तर अम्मीला इकडे आणायचं. वैद्यानं नको म्हटलं होतं. खालाला बाजेवर घालून फाट्यापर्यंत बैलगाडीनं आणलं, तिथून सकाळच्या गाडीत चढवलं. आदिलाबादला उतरवून घ्यायला मीही गेलो. चौघांनी बाज उतरवून स्टेशनातल्या निंबाखाली ठेवली. इथून सासुरवाडीपर्यंत टांगा सांगितला होता, पण खाला हलायला तयार होईना.

"पैले मेरी बच्ची किधर है?"

आपा जमिनीवर बसली. खालानं तिच्या कपाळावरून, नाकावरून, कानांवरून हात फिरवला. मग दंड चाचपला. "सुक गई गे तू. उदर खाने कू नै देते क्या?"

आपा रडता रडता हसली. "देते अम्मा."

"घर काऊन नै आती? मुसाफिरां के सरका टेसन पे मिलते क्या मां कू?"

"कागद में अपना गाव नै अम्मा."

"नै तो लिखा ले!" खाला चिडली. तिला मी दिसत नव्हतो, पण आवाजावरून तिनं मला मघाशीच ओळखलं होतं. माझ्या दिशेनं हात करून म्हणाली, "ये अपना लिखनेवाला है ना! इत्ता पढ़ा सो. क्यूं रे? एक गाव लिखना नै आता तेरे कू?"

मी म्हणालो, "खाला, पाहतो." एवढंच म्हणालो. भाईनं बाजेची दोरी पुन्हा आवळायला घेतली. ती सैल नव्हती.

खाला सासुरवाडीला गेली नाही. मुलाच्या सासरी पडून राहायचं नाही, आणि परक्या गावात डोळे मिटायचे नाहीत, असा तिचा हट्ट. तिची जागा नवऱ्याच्या शेजारी, गावच्या कबरस्तानात ठरलेली होती. दुपारभर दोघी त्या निंबाखाली बसल्या. आपानं तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, भाकरी दुधात कुस्करून भरवली. स्टेशनातली माणसं थांबून पाहायची आणि पुढं जायची. परतीच्या गाडीत बाज चढवली तेव्हा आपा फलाटावर उभी राहिली. त्या गाडीचं तिकीट कुणीही काढू शकलं असतं. तिला तेवढी मुभा नव्हती.

त्या प्रवासानं खाला खचली. नवव्या दिवशी गेली. निरोप आला तेव्हा आपाच्या व्हिसाचे पाच-सहा दिवस उरले होते, आणि आईची माती दोन-अडीच तासांच्या अंतरावर होती. मी रजा टाकली, गाडीत बसलो आणि गेलो. मला कुणी कागद विचारला नाही. मी मातीला उभा राहिलो, मूठभर माती टाकली. मुलगी तिथं आदिलाबादेत परक्याच्या ओसरीवर बसून.

परत आल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि एकेक विचारलं. गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, कुणी घातली? वेणी सोडली का? कबर अब्बांच्या उजवीकडे की डावीकडे? कोण कोण आलं होतं? मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच म्हणायची, "हां, फिर?" शेवटी म्हणाली, "तुम इत्ती दौड़-धूप किए. तुम थे बोल के मैं अम्मा कू इत्ता तो भी देख सकी. अल्ला तुमको खुश रक्खे."

तेव्हा बोलायला हवं होतं. तिला एकटीला सांगितल्यानं नोकरीचंही काही बिघडलं नसतं. तरी बोललो नाही. निघायच्या आदल्या दिवशी मीच तिच्याबरोबर नोंद करायला गेलो. साहेबांनी शिक्का मारताना विचारलं, "वो लिखनेवाला मिला नहीं?" आपा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नहीं साब." तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. कितीदा तरी तो क्षण उलटून पाहिला आहे. तिचा चेहरा पदराआड होता.

दोन महिन्यांनी मी कायम झालो.

इथं थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. पण गावात बोलणं सुरू झालं. आपाला गावी का येता आलं नाही? कारण भावानंच मुद्दाम जिल्हा चुकीचा लिहवला. का? तर बहीण घरी आली असती, आई तिला घरातला हिस्सा देऊन बसली असती. म्हणून तिला आदिलाबादला अडकवलं आणि मरत्या आईला गाडीत घालून हाल केले. भाईनं स्वतःच ठाण्यात सांगितलं होतं ना, मीच लिहवलं म्हणून? मग आणखी पुरावा कशाला?

मी सुट्टीत गावी जायचो तेव्हा मारुतीच्या पारावर हे ऐकायचो. "बापा, सख्ख्या बहिणीले असं करन काय कोणी!" "अरे बांगडीवाला आहे तो, गोड बोलून हातात सरकवते." लोक हसायचे. माझ्याकडे वळून विचारायचे, "तू त होता ना तिथं? खरं का?" पहिल्यांदा मी म्हणालो, "मला माहीत नाही." पुढं एकदा, पार भरलेला असताना, मी मान हलवली. होकाराची. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून तीनदा उठावं लागलं.

कुणीतरी हे कराचीलाही कळवलं. आपाची पत्रं कमी झाली, मग थांबली. भाई ईदेला पत्र टाकत राहिला. बांगड्यांचं दुकान चालू राहिलं, पण लग्नाचा चुडा भरायला काही घरं त्याला बोलावीनाशी झाली. मी भेटलो की तो तसाच, बशीत चहा ओतणारा. त्यानं कधी विषय काढला नाही आणि मी त्याला कधी काढू दिला नाही. मी निवृत्त झालो, त्यानंतर सहा वर्षांनी तो वारला.

नातीवर खेकसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी करून गावी गेलो. दुकानात आता भाईचा मुलगा बसतो. आपा आली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, आता त्याचीही दाढी पांढरी आहे. मी बसलो आणि पाणी घ्यायच्या आधी सगळं सांगून टाकलं. तो काचेच्या बांगड्या दोऱ्यात ओवत होता. हात थांबले नाहीत.

"आमाले माहीत आहे काका," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"अब्बानं. जायच्या चार दिवस आधी. म्हणाले, कोणाजवळ बोलू नका, तो माणूस नोकरीवर आहे."

"तेव्हा मी नोकरीवर नव्हतो रे. सहा वर्षं झाली होती सोडून."

"तेच म्या म्हटलं. त म्हणाले, पेन्शन असते ना."

मला बसवेना. दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो, परत आलो. त्यानं दोरा दातांनी तोडला आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "आमी चूप राह्यलो, कारण त्यांनी सांगितलं होतं. पण तुमी काऊन चूप राह्यले काका? इतके वर्सं?"

मी म्हणालो, "आपाचं कोण आहे तिकडे?"

"मुलगी आहे. मोबाइलवर सापडली दोन वर्सांमागं. सलाम-दुआ चालते, जास्त नाही. तिच्या मनात अब्बाबद्दल तेच आहे." त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "तुमीच बोला. हे बटन दाबून ठेवा."

मी बोललो. माझ्या मोडक्या हिंदीत, थांबत थांबत. तुमच्या आईच्या व्हिसाच्या कागदावर जिल्हा मी लिहिला. माहीत असून लिहिला. साहेबांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो. तुमच्या मामूनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. गावानं त्याला नावं ठेवली, मी मान हलवली. हिश्शाची गोष्ट खोटी आहे. एवढं बोलून बटण सोडलं. ज्या कागदापायी आपाला आईच्या मातीला येता आलं नव्हतं, तसला कुठलाच कागद न लागता माझा आवाज कराचीला पोचला.

उत्तर यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तीन बाया येऊन बांगड्या भरून गेल्या. आपाच्या मुलीचा आवाज वयस्क होता, आपासारखा मुळीच नव्हता. "चचा, अम्मी आपको बहुत दुआ देती थीं. कहती थीं, एक वही था जो मेरे लिए भागा-भागा फिरा. मामू को उन्होंने आख़िर तक माफ़ नहीं किया. अब अम्मी भी नहीं, मामू भी नहीं. ये बात मैं किसको बताऊं?"

भाईच्या मुलानं मोबाइल खिशात ठेवला. "काका," तो म्हणाला, "तिकडचं झालं. आता गावात कोण सांगते?"

तेव्हा आम्ही दोघं उठून पारावर गेलो. जुन्यांपैकी दोघंच उरले आहेत, बाकी त्यांची पोरं-नातवंडं. मी उभ्यानंच सांगितलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना आबा, कवाची गोष्ट! आता काऊन उकरता?" दुसऱ्यानं ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. भाईचा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं मान खाली घातली नव्हती.